सही नको, अंगठा पुरे

बाई, आमच्या कंपनीची पहिली जाहिरात मी लिहिली होती. 'सही नको, अंगठा पुरे.' परळच्या आमच्या ऑफिसात त्यावर टाळ्या पडल्या, कुणीतरी मला पेढा भरवला, आणि जिना उतरताना मला एकदम तुमची आठवण झाली. तुम्हाला जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती, त्यामुळे ती आठवण झटकून टाकणं सोपं गेलं. मी टॅक्सी केली आणि घरी आले.

घोडपदेवच्या विहारातला तुमचा रविवारचा वर्ग मला अजून दिसतो. दुपारची भांडी आटोपून बायका यायच्या, पंचशील व्हायचं आणि मग पाट्या निघायच्या. मी आईला चिकटून बसायचे. आई हॉस्पिटलात आया होती, दिवसभर हात फिनेलच्या पाण्यात, आणि पगाराच्या दिवशी रजिस्टरवर अंगठा. तुम्ही म्हणायचात, "बाराखडी नंतर बघू. आधी आपापलं नाव." आईला तिचं नाव यायला सहा महिने लागले. ती खडू इतका दाबायची की मोडायचाच. तुम्ही वैतागायचात, "अगं, पाटी आहे ती, पाटा नाही!" मग एक दिवस तुम्ही तिला बँकेत घेऊन गेलात. कारकुनाने सवयीने शाईचं पॅड पुढे सरकवलं. तुम्ही ते एका बोटाने परत ढकललंत. "आत ठेवा ते. त्या सही करणार आहेत." आई एकेक अक्षर काढतेय, मागे रांगेत चुळबुळ, कुणीतरी ओरडतो, "मावशी, आटपा की!" आणि तुम्ही वळून त्याला म्हणता, "थांबा जरा. इतकी वर्षं ती थांबलीय, तुम्ही पाच मिनिटं थांबा." आईने शेवटी सगळ्या अक्षरांवर एक लांबलचक रेघ ओढली आणि माझ्याकडे बघून हसली. मी सात वर्षांची होते.

आमचं यंत्र मुठीएवढं. किराणा दुकानात ठेवायचं, माणसाने अंगठा लावायचा, की त्याच्या बँकेतले पैसे दुकानदार त्याच्या हातात देतो. ज्यांच्याकडे धड फोन नाही त्यांच्यासाठी. आधी लालबागची, घोडपदेवची दुकानं, मग कोकणातली गावं, मग मला नावंही उच्चारता येत नाहीत अशा राज्यांतली गावं. सुरुवातीला आम्ही सहा जण एका खोलीत बसायचो, आता गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या इमारतीत आमचे तीन मजले आहेत. दादरला माझा फ्लॅट झाला. आणि बाई, यंत्र वाईट नाही. म्हाताऱ्या बायकांची बँकेपर्यंतची पायपीट वाचली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. पण त्यासाठी 'सही नको' म्हणायची काही गरज नव्हती. ते दोन शब्द माझे.

मग फिल्म करायची ठरली. खरी वाटेल अशी आजी हवी होती, मी आईचं नाव सुचवलं. घोडपदेवच्याच एका दुकानात शूटिंग. आई इस्त्रीची साडी नेसून आली, आणि पर्समध्ये स्वतःचं पेन. तिने दिग्दर्शकाला विचारलं, "सही कुठं करायची?" तो हसला. "आजी, साइन नाही, थंब. बस थंब लावायचा."

"मला सही येते," आई म्हणाली.

"अरे, वही तो! आता गरजच नाही ना."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी सगळं तिथंच थांबवायला हवं होतं. मी म्हणाले, "आई, लाव गं एकदा. लोक थांबलेत."

तिने लावला. यंत्राने घेतला नाही. फिनेलने तिच्या बोटांच्या रेषा केव्हाच पुसल्यात, हे मला माहीत असायला हवं होतं. ओल्या फडक्याने पुसून पुन्हा, दुसरा अंगठा, पुन्हा. पाचव्या वेळी यंत्र टुण्णकन वाजलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आईने अंगठा पदराला पुसला. त्या यंत्राला शाई नसते, बाई. तरी ती किती वेळ पुसत होती. मला इतकी लाज वाटली की मी फोन आल्याचं नाटक करून बाहेर गेले.

घरी आल्यावर आईने साडी बदलली, चहा टाकला, माझा कप माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "बाई गेल्या ते बरं झालं." तुमच्या फोटोला रोज हात जोडणारी माझी आई असं म्हणाली. त्यानंतर तो विषय तिने कधी काढला नाही, आणि मला तर काढायची हिंमतच नव्हती.

हे सगळं तिला माहीत आहे. एक गोष्ट तिला माहीत नाही. अगदी सुरुवातीला आम्ही कंपनीसाठी पैसे उभे करायला गुंतवणूकदारांकडे गेलो होतो. समोरचे लोक कंटाळले होते, घड्याळं बघत होते. तेव्हा मी उठले आणि म्हणाले, "माझी आई आजही अंगठाच लावते. तिला सही येत नाही." एका बाईंनी डोळे टिपले. आम्हाला पैसे मिळाले. त्याच सकाळी आईने सोसायटीच्या रजिस्टरवर माझ्यासमोर सही केली होती, वर रेघ ओढून.

हे पत्र मी ऑफिसच्या कपाटात कुलूप लावून ठेवणार आहे. घरी ठेवता येत नाही. तुम्ही तिला नुसत्या सहीवर सोडलं नाहीत. हाताला लागेल तो कागद ती बोट फिरवत शेवटपर्यंत वाचते.