दोन्हीकडचा आकडा जुळला

मंगळवार, संध्याकाळ. बाळकुम.

महेशला आज कामावरून काढलं. सकाळी केबिनमध्ये बोलावलं आणि जेवणाच्या सुट्टीआधी तो गेलेलाही.

आम्ही दोघं मिळून दाराच्या कुलुपाचा प्रोग्रॅम सी भाषेत लिहीत होतो. कुलुपाची बाजू त्याची, सर्व्हरची माझी. दोन्ही बाजूंची खाजगी 'की', म्हणजे आकड्यांची गुप्त किल्ली, आपापल्याकडे, एकमेकांना पाठवायची ती फक्त सार्वजनिक 'की', आणि तरी दोन्हीकडे एकच गुप्त आकडा निघायला हवा. तो काही केल्या जुळत नव्हता.

दुपारी साहेब म्हणाले, "त्याची बाजूही आता तूच बघ."

त्याचा कोड उघडला. आकड्याचे तुकडे, म्हणजे बाइट, उलट्या क्रमाने जात होते, ते त्याने सकाळीच सरळ केलेले. मला सांगायला वेळच मिळाला नसेल. चालवून पाहिलं तर आकडा जुळला, अगदी शेवटच्या बाइटपर्यंत. एवढी वाट पाहिलेली, आणि शेजारची खुर्ची रिकामी.

त्याला फोन केला. विठ्ठलवाडी स्टेशनच्या बाकावर बसून होता.

"जुळला ना?" त्यानेच विचारलं.

"जुळला रे."

"बरं झालं." मग म्हणाला, "आईला अजून सांगितलं नाहीये. उद्या नेहमीच्या वेळेलाच घरून निघेन. तिने तुला फोन केला तर मीटिंगमध्ये आहे म्हण."

त्या माऊलीने माझ्यासाठी कितीदा थालीपीठं पाठवलीत. तिच्याशी खोटं बोलायचं? पण मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

मघापासून फोन वाजला की आधी बघते, तिचा तर नाही ना.