ताईच्या काचेच्या नळ्या

प्रिय ताई,

आज शनिवार, संध्याकाळचे सव्वापाच. बडनेऱ्याच्या फलाटावर बसून लिहितो आहे. अकोल्याची गाडी यायची आहे, आणि घरी आईसमोर हे लिहिता येणार नाही.

डेंग्यूने तू गेलीस, आणि महिन्याभरात तुझ्या सरांचा फोन आला. शोधनिबंध छापायला जातो आहे, पण तुझी मोजमापं वगळली, म्हणून तुझं नावही नाही. मला वाटलं, मेलेल्या माणसाचं काम हे लोक गिळत आहेत.

मी बारावीनंतर फुलांच्या गाळ्यावर बसलो, मला तुझं काय कळणार! तरी क्राउन इथर तू आईच्या हातातल्या बांगडीवरून समजावलं होतंस. "हे रेणूचं कडं हाय. मापाचा धातू आला की आत बसते. सोडियम बसला की कड्याच्या हायड्रोजनची रेघ सरकते. किती सरकली, ते एनएमआरच्या यंत्रावर पाहाचं." एवढ्या शिदोरीवर मी अमरावतीला तुझी प्रयोगशाळा गाठली.

तुझ्या शेजारच्या टेबलावरची प्राची माझ्याकडे बघेना. माझा संशय तिच्यावर गेला. खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "कसं सांगू भाऊ? नळीत नुसतं क्राउन इथर होतं, सोडियम टाकाचाच होता, अन् रेघ आधीच सरकेल होती. सरायले वाटते, तिनं खोटे आकडे जमवले."

म्हणजे चोर तूच ठरलीस!

कोणीतरी नळ्यांत काही मिसळलं असेल, असं मी म्हणालो. कोण मिसळणार, ती म्हणाली. विभागातून नळ्या गायब होतात म्हणून तू सुटीतही नळ्यांचा डबा घरी न्यायचीस, हेही तिनेच सांगितलं. संशयी स्वभाव आपल्या घरचाच, नाही का?

घरी म्हटल्यावर मला दिवाळी आठवली. तू दुपारची झोपली होतीस. आईने पेन्सिलीपेक्षा बारीक त्या नळ्या एकेक करून धुतल्या, पेल्यात उभ्या केल्या आणि उन्हात वाळवून डब्यात परत ठेवल्या. पोरगी दमते, तेवढंच तिचं काम हलकं, म्हणाली. धुतल्या आपल्या बोअरच्या पाण्याने. खारपाणपट्ट्यातलं पाणी, स्टीलच्या पेल्यावर पांढरा थर सोडणारं!

हे ऐकून प्राची उभीच राहिली. "अवं माय, त्या पान्यात सोडियमच तर रायते!"

परवा मी बाटली भरताना आईने विचारलं, "पानी कायले नेऊन राह्यला रे?" तहान लागते, म्हणालो. प्राचीने दोन नव्या नळ्या घेतल्या. एक शुद्ध पाण्याने धुतली, दुसरी आपल्या बोअरच्या, आणि दोन्ही वाळवल्या. आज सरांसमोर दोन्हींत नुसतं क्राउन इथर भरलं. पहिलीची रेघ जागेवर राहिली. दुसरीची सरकली.

सरांनी दोन्ही रेघा पडद्यावर एकावर एक ठेवून पाहिल्या. मग म्हणाले, मोजणी स्वच्छ नळ्यांत पुन्हा करू, जुळली तर नाव राहील. माझा अजून विश्वास नाही. छापण्याआधी तुझं नाव मी स्वतः अक्षर न् अक्षर वाचणार आहे.

पण आता खरा संशय तुझ्यावर आहे. शेवटच्या खेपेला डबा का आणला नाहीस? आईने विचारलं तेव्हा म्हणालीस, "प्रवासात फुटतात वं आई." तुला कळलं होतं ना? मग सरांना का सांगितलं नाहीस? आईचं नाव न घेता गुपचूप पुन्हा मोजणार होतीस, आणि मध्येच ताप आला? निदान मला तरी सांगायचं होतंस!

प्राचीने तुझा डबा मला दिला आहे. आज मी तो घरी नेतो आहे. उद्या आई नळ्या धुईल, त्याच पाण्याने, आणि पेल्यात उभ्या करून उन्हात ठेवील. मी शेजारी बसून राहीन आणि काही बोलणार नाही. उद्या नाही, कधीच नाही. हा तुला शब्द.

तुझा,
नितीन