रीता बाजूला बसली तेव्हा

९ नोव्हेंबर, मोहर्ली

रीता माहेरी आली! शेजारच्या अंगणात तिचा आवाज. तिच्या लग्नात डोकं फिरलं, कॉलेज अर्धवट सोडलं नि इथे जंगल सफारीची जिप्सी चालवायला लागलो — हे तिला कोण सांगणार? आज पर्यटकांना वाघ दिसला म्हणे. मला काहीच दिसलं नाही.

१२ नोव्हेंबर

तिच्या अंगावर जायला लागलं. गोठ्यामागच्या खोलीत बाजूला बसवली. ताट दारात ठेवतात. कोणी शिवत नाही.

१३ नोव्हेंबर

भिंतीपलीकडे कण्हते. तिची आई कुंताबाई गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताई नीलाबाईंना म्हणत होती, "पोट लय दुखते म्हणते."

"पाळणा लांबवाची सुई घेतली नं तिनं? त्यानं पाळी अशीच होते. दिवस त जातच नाई."

"खांदाबी दुखते म्हणते."

"जाळं ओढलं असंल बापासंगं!"

सगळ्यांकडे उत्तर तयार!

१४ नोव्हेंबर

सकाळी खोलीतून आवाजच नाही. फेरी सोडली, दार ढकललं. पांढरीफटक, घामानं गार. "शिवू नको रे..." एवढंच. उचलली!

"बाटला नं रे पवन!" कुंताबाई ओरडली.

"बाटलो त बाटलो! गाडीत बसा!"

चंद्रपूर. डॉक्टर मॅडमनी आधी लघवी तपासली. दिवस गेलेले! मग सोनोग्राफी. गर्भ पिशवीत नाही, नळीत. नळी फुटून पोटात रक्त. लगेच ऑपरेशन. मी भांडलो, "सुई घेतली होती नं!"

"क्वचित चुकते. म्हणून सुई चालू असली तरी पोट दुखलं, अंगावर गेलं, की आधी हीच तपासणी करायची. आत रक्त साचलं की खांदाही दुखतो."

नर्सनं विचारलं, "नवरा तुम्हीच?"

नाही म्हणायला किती वेळ लागला!

१५ नोव्हेंबर

वाचली. एक नळी काढली. तिचा नवरा सुरेंद्र बल्लारपूरहून आला. कुंताबाई त्याला म्हणाली, "हिच्या बापानं उचलून आणली." बाप देवाजीभाऊ तर तेव्हा तलावावर मासे धरत होते! सुरेंद्र म्हणाला, "गाडीवाला भेटला, बरं झालं." गाडीवाला!! डोकं भणाणलं. सांगणारच होतो — रीतानं भिंतीकडे तोंड केलं. बाहेर आलो.

तिला कुठे शुद्ध होती? तिलाही बापच वाटत असेल.

२४ नोव्हेंबर

रीता सासरी निघाली. सुरेंद्र पिशव्या घेऊन पुढे. कुंपणापाशी क्षणभर थांबली. हळूच म्हणाली —

"मले उचलून तुयाच खांदा दुखत असंल नं रे, पवन?"