नळाला कुठला मान

॥ श्री ग्रामदेवता प्रसन्न ॥

प्रिय रितेश,

अनेक आशीर्वाद. पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळी बरी आहेत. तुझी सानवी शाळेतून आली की आजीलाच शिकवायला बसते. परवा तुझा फोन आला तेव्हा मी नुसतं ‘बरं’ म्हणाले. त्या ‘बरं’चा अर्थ होकार असा धरू नकोस. फोनवर मला एका दमात बोलता येत नाही आणि तुला एका दमात ऐकता येत नाही, म्हणून हिशेबाच्या वहीतली मागची कोरी पानं काढून लिहायला बसले आहे. भागोजीकाकांनी तुला सांगितलं की तुझ्या बायकोने सरपंच होऊन गावाचा मान मोडला. ते झालं अर्धं. उरलेलं माझ्याकडून ऐक.

आपली पाण्याची टाकी कुठे आहे, आठव. वर सड्याच्या उघड्या कातळावर, धनगरवाडीच्या डोक्यावर. तिथून पाइप निघतो, त्यांच्या दारावरून उतरतो आणि मग मधल्या वाडीतून आपल्या देऊळवाडीत येतो. पण पाणी सोडायचं आधी देऊळवाडीला, मग मधल्या वाडीला, आणि सड्याला शेवटी. हे कुणी कधी ठरवलं नव्हतं बघ. शिमग्यात देवीची पालखी ज्या क्रमाने घरं घेते त्याच क्रमाने धाकू पाणीवाल्याने पहिल्या दिवशी चाव्या फिरवल्या, आणि आपल्याला ते इतकं बरोबर वाटलं की पुढे कुणी विचारलंच नाही. दिव्याचे खांब आले तेव्हा तोच क्रम. डोळे तपासायला डॉक्टर आले तेव्हाही तोच. सड्याची पाळी येईस्तो डॉक्टर गाडीत बसलेले. आपण सुपारीची झाडं भिजवायचो, अंगण शिंपायचो, आणि सड्यावरच्या बायका पऱ्याच्या आटलेल्या पात्रात खड्डे काढून वाटीवाटीने हंडा भरायच्या.

राजश्री निवडून आली तेव्हा मलाही वाटलं होतं, बायकांची राखीव जागा आहे, सही करील नि घरी येईल. पण ही सड्यावर जाऊन बसायला लागली. तिथे तिला कळलं की ग्रामसभा सकाळची असते आणि त्या वेळी तिथल्या बाया पाण्याला गेलेल्या असतात. म्हणजे पाण्याचा विषय निघायचा तेव्हा ज्यांना पाणी नाही त्याच नसायच्या! सव्वीस जानेवारीची सभा तिने दुपारी घेतली. देवळात नको म्हणाली, शाळेच्या पटांगणात घेतली, कारण देवळात त्या बाया पायरीवरच बसतात. मला आधी ते रुचलं नाही, खोटं कशाला सांगू. पण पटांगणात सड्यावरच्या बाया पुढे येऊन बसल्या आणि मला तिचं म्हणणं पटलं.

चिमा तुला माहीत आहे, गुडघे धरून चालते ती. आयुष्यात सभेत बोलली नसेल. उठली आणि म्हणाली, “बाय गो, पायप आमच्या दारावरनं जातो. पोरं त्याला कान लावून बसतात. आत पानी पळतंय ता ऐकू येता, पन हंड्यात नाय येत.” राजश्रीने ठराव मांडला की पाणी आधी सड्याला सोडायचं आणि मग एकेक वाडी खाली यायचं, प्रत्येकीला सारखा वेळ. तशी भागोजीकाका उठले. “सरपंचबाई, आज पाणी उलटं सोडताय, उद्या पालखी सड्यावरून काढाल!” लोक हसले. ही जराही बावरली नाही. म्हणाली, “काका, पालखीचं तुम्ही मानकऱ्यांनी बघायचं. टाकी पंचायतीची आहे आणि पट्टी सगळ्या वाड्या सारखीच भरतात.” त्यावर काका म्हणाले, बायकांना मानातलं काय कळतं.

मग मात्र मला बसवेना. आरती सोडली तर चार माणसांत मी कधी तोंड उघडलेलं नाही, पण उभी राहिले. म्हटलं, “भावजी, हे लोट्याला कामाला होते तेव्हा कंपनीची बस पहाटे फाट्यावर यायची. घरात मान सासूबाईंचा. पण देवाचा नैवेद्य झाला की पहिलं ताट मी ह्यांना वाढायचे, कारण बस थांबत नाही. सासूबाईंचा कडकपणा साऱ्या गावाला ठाऊक, पण माझा मान गेला असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. ज्याची नड मोठी त्याला आधी वाढायचं, हे प्रत्येक घरात चालतं. मग नळाला कुठला मान?” काका म्हणाले, “वहिनी, तुम्ही सुनेचीच बाजू घेणार.” मी म्हटलं, “खोटी असती तर घरी मी तिला सोडली असती काय?” ह्या वेळी लोक हसले ते काकांना.

हात वर करायची वेळ आली तेव्हा पहिला हात तुझ्या बाबांचा. पालखीचा पुढचा खांदा धरणारा माणूस. कुणाकडे न बघता हात वर करून बसले. मग सडा, मग मधली वाडी. देऊळवाडीतल्यासुद्धा बऱ्याच बायकांनी केला, नवऱ्यांच्या पाठीमागून.

आता आपल्याला पाणी थोडं कमी येतं, ते नाकारत नाही. तांदूळ धुतलेलं पाणी मी अबोलीला घालते, अंगण रोज शिंपत नाही. पण पहिल्या दिवशी मी सड्यावर गेले होते. चिमाने तांब्या भरला, आधी देवापुढे ठेवला, मग मला दिला आणि मग स्वतः प्यायली. राजश्री लांब उभी, जसं काही हे दुसऱ्याच कुणी केलंय. खेडच्या एसटीत कुणी विचारलं तर पूर्वी मी सांगायचे, रितेशची आई. आता सांगते, सरपंचांची सासू. रागावू नकोस.

आता तुझ्या फोनचं. काकांनी तुला बजावलं की राजश्रीने राजीनामा दिला नाही तर यंदा पालखी आपल्या दारात येणार नाही. तू मला म्हणालास, आई, तूच तिला समजाव, नाहीतर मुंबईतल्या गाववाल्यांना मी काय तोंड दाखवू. बाळा, तिला तुझा निरोप मी दिलेला नाही आणि देणारही नाही. पालखी नाही आली तर मी ओटी घेऊन सड्यावर जाईन. देवी शेवटी तिथेच जाते, आणि चिमाने मला आत्ताच सांगून ठेवलंय, “वैनी, आमच्या दारात तुमची जागा हाय.” तुला गाववाल्यांपुढे मान वर करून उभं राहायचं असेल तर रजा टाक आणि शिमग्याला ये. खेडला उतरलास की सरळ घरी येऊ नकोस. आधी सड्यावर जा, चिमाच्या नळाचं पाणी पी, मग खाली आपल्याकडे ये. गावात आता क्रम तसाच आहे.

वाट बघणारी,
तुझीच आई