उत्तरं सगळी पाठ आहेत

करावे गाव, नेरूळ
मे १९९७

प्रिय अरुणाताई,

सुरुवात ‘डियर मॅडम’ अशी केली होती. कागद फाडले आणि मराठीवर आले. इंग्रजीत मला अजून फक्त शहाण्यासारखंच बोलता येतं, आणि आज मला मनातलं सगळं लिहायचंय, तक्रारी-बिक्रारींसकट. नाशिकचं घर लागलं का? साहेबांची बदली बँकेनं अशी वर्षाच्या मध्येच करायला नको होती. तुम्ही गेल्यापासून सोसायटीतल्या आपल्या वर्गाच्या खोलीला कुलूप आहे. भाजीला जाताना मान आपोआप तिकडे वळते.

हितेशच्या शाळेचं काय झालं, म्हणून तुम्ही विचारलंत. सांगते, पण माझ्या पद्धतीनं सांगते. घाई करू नका, तुम्हाला फार घाई असते.

तुमच्या इंग्रजीच्या वर्गात मी आले ती माझ्या हितेशसाठीच, हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. आमची जमीन सिडकोत गेली, तिच्यावर तुमच्या सोसायट्या उभ्या राहिल्या, आम्ही खोल्या बांधल्या, भाडेकरू आले. खायला-प्यायला काही कमी नाही. पण आमच्याच खोल्यांत राहणाऱ्या बायका मुलांना टाय बांधून इंग्रजी शाळेत सोडायच्या आणि माझ्याशी बोलताना ‘क्या भाभी’ म्हणून संपवायच्या, ते मला फार खुपायचं. त्या शाळेत आईबापाची मुलाखत घेतात, तीही इंग्रजीत, असं कळलं. आमचे हे म्हणाले, मी रेती-खडीच्या गाड्या चालवणारा माणूस, माझं तिथं काय काम, तूच काय ते बोल. झालं, दहावी पास झालेली मी, एका पोराची आई, पुन्हा सतरंजीवर येऊन बसले.

आणि माझ्यामागे सासूबाई! गावातली सून संध्याकाळची सोसायटीत जाते म्हटल्यावर राखणीला कुणीतरी हवंच ना. आई लसणाची टोपली घेऊन मागे भिंतीला टेकायच्या. तुमचा नियम होता, एकेकीनं उभं राहून बोलायचं. आम्ही गावातल्या बायका उभ्या राहिलो की पदर तोंडात आणि नजर फरशीवर. तुम्हाला वाटायचं आम्ही लाजतो. खरं सांगू? सासूसमोर सुनेनं एकटीनं आवाज काढायचा, याची आम्हाला सवयच नव्हती. एकदा तुम्ही चिडून खडू आपटलात, तो तुटून माझ्या मांडीवर पडला. तेव्हा मागून आई म्हणाल्या, “बाय, तू सांग, मी उचलतंय. पोरी झेलतील.”

आई गावच्या धवलारीण आहेत, हे तुम्हाला त्या दिवशी कळलं. आमच्याकडे हळदीपासून लग्नाची गाणी, म्हणजे धवले, ओळीओळीनं त्या उचलतात आणि बाकीच्या बायका मागून तीच ओळ म्हणत झेलतात. त्यांच्या गाण्यावाचून नवरा-नवरी पाटावर बसत नाहीत. माझं ‘माय नेम इज सगुणा’ त्यांनी धवल्याच्या चालीवर असं काही उचललं की आम्ही सगळ्याच्या सगळ्या मिनिटभर सगुणा झालो. तुमचे सेक्रेटरी दिनानाथकाका जिना उतरून विचारायला आले, लग्न कुणाचं आहे म्हणून. तुम्ही कपाळाला हात लावलात. पण दुसऱ्या दिवशी चालीत बसतील अशी वाक्यं तुम्हीच लिहून आणलीत, ते मी विसरले नाही. नाव, गाव, नवरा काय करतो, घरी कोण-कोण, मुलाला काय आवडतं. हितेश अजून आंघोळ करताना ‘माय फादर हॅज अ ट्रक’ गातो, आणि बादलीवर ताल धरतो.

तर मुलाखत. आईबापानं यायचं असं शाळेनं कळवलं होतं. पण आमच्याकडे सोयरीक जुळवायची असो की कोर्टाचं काम, घरातलं मोठं माणूस सोबत असल्याशिवाय पाऊल उचलत नाहीत. त्यामुळे आई आल्या. आणि मोठ्या माणसाकडे काम घेऊन जायचं तर रिकाम्या हातानं जात नाहीत, म्हणून त्यांनी खाडीचा ताजा जिताडा मासा घेतला, चांगला हातभर लांब, ओल्या फडक्यात गुंडाळून. यांनी लग्नातला सफारी घातला होता. मी तुम्ही दिलेली आकाशी साडी नेसले होते. मोठ्या बाईंच्या टेबलावर काच होती, त्या काचेवर आईंनी जिताडा ठेवला. बाईंनी रुमाल नाकाला लावला तो शेवटपर्यंत काढला नाही. त्या मासे खात नसणार, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं हो.

बाईंनी नाव विचारलं आणि माझं तोंड उघडेना. वर्गात ओळ नेहमी आई उचलायच्या ना! मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी घसा साफ केला आणि उचलली. मी झेलली. हितेशनं झेलली. मग यांनीसुद्धा, सफारीचं वरचं बटण सोडून. घरी कोण-कोण, गाव कुठलं, सगळं आम्ही गाऊन सांगितलं. बाई लिहायच्या थांबल्या. मग त्यांनी आमच्या गाण्यात नसलेलं काहीतरी इंग्रजीत विचारलं. तुमच्या घरात इंग्रजी कुणीच बोलत नाही, मग याला कशाला हवं? आईंना यातलं अक्षर कळलं नाही. मला मात्र कळलं, ताई, शब्दन् शब्द कळला. तुमच्या नियमानं मी खुर्चीतून उठून उभी राहिले आणि एकटीनं म्हटलं, “सो ही इज नॉट अफ्रेड ऑफ यू.” तो तुम्हाला घाबरू नये म्हणून. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता. बाई थँक्यू म्हणाल्या आणि आम्ही जिताडा उचलून बाहेर आलो.

हितेशला घेतलं नाही. खिडकीतल्या क्लार्कनं सांगितलं, नाही झालं, पुढचे या. कारण कुणी सांगितलं नाही. हे म्हणतात, जिताड्यानं घात केला. आई म्हणतात, सून मोठ्या बाईला उलटून बोलली. मला रात्री वाटतं गाण्यानं झालं असेल, सकाळी वाटतं आम्ही गावातले म्हणून झालं असेल. चार दिवस घरात कुणी धड जेवलं नाही. हितेश मात्र रोज विचारतो, माझा टाय कधी आणायचा?

परवा मी एकटीच शाळेत गेले. मोठ्या बाई दारातच भेटल्या, चांगल्या थांबल्या, येस म्हणाल्या. आणि मला काय सुचलं असेल? माझं नाव सांगता येत होतं, गाव, नवरा, ट्रक, सगळं. पण विचारता काहीच येईना. मी नमस्कार करून परत आले आणि घरी येऊन खूप रडले. अरुणाताई, तुम्ही आम्हाला वर्षभर उत्तरं शिकवलीत, एकही प्रश्न शिकवला नाही. तुम्हाला दोष देत नाही. मुलाखतीत प्रश्न त्यांनी विचारायचे आणि उत्तरं आपण द्यायची, असंच आपण दोघी धरून चाललो होतो. आईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, “आपला पोर हाय, मंग इचाराया नको?” पुढच्या गुरुवारी बाईंनी मला भेटायची वेळ दिली आहे, यांनी फोन करून मागितली. म्हणून हे पत्र. माझ्या मुलाला का घेतलं नाही, हे न रडता आणि मान खाली न घालता कसं विचारायचं, ते मला उलट टपाली लिहून पाठवा. चाल बसवायला आई तयारच आहेत. पण ओळ या वेळी मी उचलणार आहे.

वाट बघणारी,
तुमचीच
सगुणा