एकोणीस नंबरची काडी

शिरड शहापूर,
ता. ९ जानेवारी २०२५

चि. साधनास आजोबांचे अनेक आशीर्वाद.

पत्राला दोन महिने उशीर झाला, रागावू नको. तीनदा लिहायला बसलो आणि कागद फाडला. इकडे हळदीचा पाला वाळत आला आहे. आजीचा गुडघा तसाच. फोनवर हे बोलता येत नाही, कारण फोन शेजारच्या सखुबाईच्या कमरेला आणि आवाज अख्ख्या गल्लीला.

दिवाळीत तू आमच्या गालातल्या पेशी न्यायला काड्या आणल्या होत्यास. मी विचारलं, "यात काय बघतीस?"

"नुसतं बघत न्हाई आजोबा, मोजते. पेशीत केंद्रक असतं. त्याच्या आत कोणतं सामान कडेला, कोणतं मधी, किती अंतरावर, हे संगणकावर मोजायचं. रोग दिसायच्या आधी ही मांडणी बिघडते का, ते शोधून राहिले."

आजी म्हणाली, "आधी ह्यांची ट्रंक मोज. धोतरात चष्मा अन् चष्म्याच्या घरात सुपारी!"

मग तू कागदावरचं विचारलंस, तंबाखू खाता का? मी म्हणालो, "सोडून सहा वर्षं झाली." आजी शेजारी बसली होती, दुसरं काय म्हणणार? तू माझं नाव निरोगी म्हाताऱ्यांत घातलंस.

पोरी, मी सोडलेली नाही. डाव्या गालात आतून पांढरा चट्टा आहे, पोळ्यापासून. तिखट लागलं की आग होते. तू काडी दिलीस तेव्हा भिंतीकडे तोंड करून मी ती मुद्दाम त्यावरच फिरवली. वाटलं, काही असलं तर तुझं मशीन सांगेल, मला विचारावं लागणार नाही. नंतर तू म्हणालीस, डबीवर नाव नसतं, नुसता नंबर. माझा एकोणीस. म्हणजे काही दिसलं तरी ते माझं, हे तुला कळणारच नव्हतं. तेव्हाच बोलायला हवं होतं.

माझ्या एका काडीनं तुझी सगळी मोजणी चुकेल, तुला वरचे साहेब बोलतील, ही एक भीती. दुसरी तुला कळतेच. हिंगोलीच्या दवाखान्याच्या दारापर्यंत दोनदा गेलो आणि चहा पिऊन परत आलो.

एकोणीस नंबर निरोग्यांतून काढ. त्यात काय दिसलं ते सरळ लिही, म्हाताऱ्याला झेपणार नाही म्हणून गोड करू नको. आजीला मीच सांगीन, पण आधी मला कळू दे. उत्तर घरी नको, ग्यानोबाच्या किराणा दुकानाच्या पत्त्यावर टाक. पोस्टमन तिथं अकराला येतो. उद्यापासूनच मी जाऊन बसतो. लवकर लिही, बाई.

तुझ्याशी खोटं बोललेला,
तातेराव आजोबा