जावाच्या घरात ग्रूव्ही

रविवार, २ जुलै

मिळाली परवानगी! अम्मानभर पाण्याचे टँकर कुठे जायचे, हे जावा या संगणकभाषेत लिहिलेली आमची जुनी प्रणाली ठरवते. त्यात एक नियम बदलायचा तर दोन आठवडे! आता नियम ग्रूव्ही या दुसऱ्या भाषेत. चालते जावाच्याच जिवावर, पण हा आकडा, ते अक्षर, असं आधी सांगत बसायला नको. लिहिलं की चालू!

आमच्या विभागप्रमुख लमीस मॅडम म्हणाल्या, “गुरुवारपर्यंत बघू. एक जरी चूक झाली, तर गाशा गुंडाळायचा, रुदैना.”

अबू सिनान — बारा वर्षांपूर्वी ही प्रणाली त्यांनीच उभी केली — एवढंच बोलले, “पोरी, बिनलगामाचं घोडं पळतं मात्र छान.”

सोमवार, ३ जुलै

तबरबूर भागात पाणी पोचलं नाही. फोनवर फोन! नियम बदलला — चार मिनिटांत, सर्व्हर बंद न करता! चालकांच्या खोलीत टाळ्या. अबू सिनानांनी चहाचा पेला पुढे सरकवला. कौतुकाचा शब्द नाही. कंजूष माणूस!

मंगळवार, ४ जुलै

एका दिवसात अकरा नियम! उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग — असू दे!

बुधवार, ५ जुलै

मेले.

तीन इमारती, प्रत्येकी दोन टँकर. व्हायला हवेत सहा. पडद्यावर दोनशे बावीस! माझ्या नियमात तो दोन म्हणजे आकडा नव्हताच, अक्षर होतं. ग्रूव्हीने ते निमूट तीनदा लिहून दिलं — २२२. जावाने तिथेच कान धरला असता.

नऊ टँकर एकाच गल्लीत अडकले. चालकाचा फोन, “बाई, इथे समुद्र करायचाय का?”

गुरुवार, ६ जुलै

बैठकीत मॅडमनी २२२ चा जाब विचारला. अबू सिनान उठले. “चूक माझ्या जावाची. आकड्याचं अक्षर करून तीच पुढे पाठवत होती. पोरीचा नियम बरोबर आहे.”

मॅडम त्यांच्यावर कडाडल्या. सगळ्यांसमोर! पण ग्रूव्ही राहिली! उड्या मारत घरी आले. थोडा रागही आला — त्यांच्या चुकीपायी माझा जीव टांगणीला!

शनिवार, ८ जुलै

सुट्टी असून प्रणाली उघडली. जावाकडून आकडाच येत होता. यादीत नीट दिसावा म्हणून मंगळवारी त्याचं अक्षर मीच केलं होतं.

कुणी काय उघडलं, याची नोंद राहते. माझी ती ओळ अबू सिनानांनी बुधवारी दुपारीच पाहिली होती.